कमरेला वाढलेले दोन तसू

पुतणीच्या लग्नातून आपल्या पदरात काय पडणार, हे फंगलाननं कोणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. मनातल्या मनात मात्र तो हिशेब तिनं इतक्या वेळा मांडला होता की आता त्यात खाडाखोडीला जागा उरली नव्हती. स्थळ तिनंच आणलेलं, तेव्हा मेजवानीत विहीणबाईंच्या शेजारची खुर्ची तिची. वाफवलेल्या माशाचं तोंड ज्याच्याकडे करून ताट ठेवतात, तो मानही बहुधा तिचाच. पण ही सगळी चिल्लर. खरी कमाई होती ती खिडकी.

शेन मास्तरांच्या शिंपीदुकानाला एकच खिडकी. हाँगकाँगच्या नॉर्थ पॉइंटमधल्या त्या पहिल्या मजल्यावर खालून ट्रामचा खडखडाट यायचा, जिन्यातून भाजलेल्या बदकांचा वास यायचा, आणि उत्तरेच्या त्या खिडकीतून दिवसभर एकसारखा उजेड यायचा, कधी डोळ्यांत न घुसणारा. खिडकीखाली लांबट टेबल. त्या टेबलावर हक्क नक्षी काढणाऱ्याचा, हा नियम मास्तरांनी शांघायहून बोटीनं येताना कात्र्यांच्या पेटीबरोबरच आणला होता. आधी तिथं धाकटे दीर बसायचे. त्यांच्या माघारी त्यांची पोर चिंगवेन बसू लागली, आणि कोणी हरकत घेतली नाही, कारण त्या वर्षी घरातल्या कोणालाच काही सुचत नव्हतं.

फंगलान, थोरली सून, बसायची पडद्यामागे, ट्यूबलाइटखाली. ती गुंड्या वळायची. रेशमाची चिंचोळी पट्टी शिवायची, वळायची, दुमडायची आणि तिचं फूल करायचं, फुलपाखरू करायचं, आणि तसली जोडी चाँगसामच्या, म्हणजे अंगासरशा शांघाय झग्याच्या, गळ्यापासून काखेपर्यंत ओळीनं टाकायची. तिच्यासारख्या गाठी अख्ख्या बेटावर कोणाला जमत नव्हत्या. त्यापायी डोळ्यांचं जे व्हायचं ते झालं होतं.

लॉ बाईंची, म्हणजे होणाऱ्या विहीणबाईंची, अट स्वच्छ होती. सून लग्नानंतर त्यांच्या शाँगवानच्या सुक्या मासळीच्या दुकानात गल्ल्यावर बसेल. म्हणजे खिडकी रिकामी. मुलगा कामशिंग बरा आहे, हे फंगलाननं स्थळ आणताना पाहिलंच होतं. गल्ल्याचं कळल्यावर तो तिला फारच बरा वाटू लागला.

चिंगवेनला हव्या होत्या दोनच गोष्टी. एक, खिडकी सोडायची नाही. दुसरी, मेजवानीत टेबलाटेबलाशी जाऊन पाहुण्यांना प्याला देताना अंगात आपण काढलेल्या नक्षीचा चाँगसाम हवा. लॉ बाई म्हणायच्या, आमच्या कँटनी घरात नवरी सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत कुआच घालते. कुआ म्हणजे जरीच्या ड्रॅगन-फिनिक्सनी लिंपलेलं जाकीट आणि घागरा, इतका सैल की आत दोन नवऱ्या मावतील. शांघायवाल्यांच्या अंगाला चिकटलेल्या कपड्यात सून फिरली तर आमचे व्यापारी लोक जेवतील कसे, असा त्यांचा सवाल होता. चिंगवेनचं उत्तर त्यांच्यापर्यंत कोणी पोचवलं नाही, ते बरंच झालं.

चाँगसामचं भरतकाम तर जवळजवळ पुरं झालं होतं. लाल रेशमावर सोनमाशांचा थवा, डाव्या पावलापाशी सुरू होऊन कमरेला वळसा घालत गळ्याकडे चढणारा. सुक्या मासळीच्या घरात निघालेय, निदान अंगावर तरी ओले मासे असू देत, असं पोरगी म्हणाली होती. मासे भरले होते सूचौच्या आत्याबाईंनी. त्या मास्तरांच्या धाकट्या बहीण, तीस वर्षांनी भावाला भेटायला चीनमधून सीमा ओलांडून आलेल्या, आणि आल्या दिवसापासून भरतकामाच्या चौकटीवर वाकलेल्या. कापड अजून बेतायचं होतं. आधी वसंतातल्या मापानं खडूची रेघ मारायची, त्या रेघेच्या आत भरतकाम करायचं, मग कात्री लावायची, अशी या घरातली पद्धत. कमरेपाशी तीन मासे शिवणीवरून पलीकडे जात होते: डोकं पुढच्या भागावर, शेपूट मागच्या. शिवण बसली की मासा पुरा होणार. याचा अर्थ इतकाच की आता कंबर तसूभर जरी इकडेतिकडे झाली, तर डोकं एकीकडे राहणार आणि शेपूट दुसरीकडे.

*

वरपक्षानं मोठ्या भेटी आणायचा दिवस उजाडला. लॉ मंडळी टोपल्या घेऊन यायच्या आत फंगलाननं चिंगवेनला पडद्यामागे ओढलं. कात्री लावण्याआधी एकदा माप घ्यायचं, ही मास्तरांची शिस्त. दुकानाची जुनी टेप आकडे पुसून पांढरी पडली होती, आणि आत्याबाईंनी आदल्याच दिवशी फंगलानला सूचौची नवी टेप भेट दिली होती, रेशमी डबीत गुंडाळलेली. आत्याबाई समोरच बसल्या होत्या. फंगलाननं त्यांना दिसेल अशा झोकात डबी उघडली.

छाती वाढली होती. नितंब वाढले होते. कंबर तर दोन तसू वाढली होती.

फंगलाननं पुन्हा मोजली. दोन तसू.

"काय झालं काकू?" चिंगवेननं विचारलं. "गेला महिनाभर नूडल्सना शिवलेली नाही मी. उतरली असेल ना?"

"उतरेल," फंगलान म्हणाली. सवयीनं मान आणि मनगटही मोजून घेतलं, आकडे डोक्यात टाकले, पण तिकडे तिचं ध्यान नव्हतं. पोरीच्या चेहऱ्यावरचं तेज तिला आत्ता दिसलं. तेज कालही होतं, पण काल ते लग्नाचं वाटलं होतं.

आता या घरात, आणि त्या घरातही, एक रीत पक्की. पहिले तीन महिने ते नाव काढायचं नाही. नाव काढलं की पोटातला जीव रुसतो. त्यामुळे पोरीला सरळ विचारायची सोय नव्हती, आणि न विचारता राहायची फंगलानला सवय नव्हती. तिनं स्वयंपाकघरात जाऊन जावेच्या, म्हणजे चिंगवेनच्या आईच्या, कानाशी दोन बोटं धरली आणि स्वतःच्या कमरेवरून हात फिरवला. सूयिनच्या हातातला झारा कढईत पडला. ती आधी रडली, मग हसली, मग तिनं दुपारसाठी आणलेले खेकडे दोरीसकट उचलून शेजारच्या घरी देऊन टाकले, कारण खेकडा प्रकृतीनं थंड, अशा दिवसांत वर्ज्य.

हे सगळं करताना फंगलानच्या मनात पाप नव्हतं असं नाही, पण फार नव्हतं. तिला खरंच आनंद झाला होता. त्यात, अशी सून कोणती सासू माहेरच्या दुकानात राहू देईल? खिडकी आता वर्षाच्या आत नव्हे, महिन्याच्या आत रिकामी होणार.

मास्तरांना सूयिननं सांगितलं, म्हणजे सांगितलं नाही, नुसता आकडा सांगितला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, साऱ्या जन्मात त्यानं एकाही गिऱ्हाइकाच्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता.

"बायका लाजतात," ते म्हणाले. "टेप लाजत नाही."

मग ते उठले, चौकटीपाशी गेले आणि कमरेवरच्या तीन माशांवरून अंगठा फिरवला. दोन तसू सोडायला कापड होतं. मासे नव्हते.

*

लॉ मंडळी आली ती जिना दणाणवत. टोपल्या, नारळांच्या जोड्या, चहा, लग्नाच्या केकचे डबे, आणि दुकान घरचं असल्यानं सुक्या मालाला तर अंतच नव्हता: शिंपले, काळे मशरूम, केसासारखं शेवाळ, आणि माशाचे पोटे, म्हणजे त्याच्या पोटातले वाळवलेले फुगे, एकेक तळहाताएवढा. लॉ बाई सगळ्यांत पुढे. त्यांच्या मागे कामशिंग, इस्त्रीच्या शर्टात अवघडलेला. त्याच्या मागे त्याचे काका, ज्यांना फक्त साक्षीला आणलं होतं आणि ज्यांना ते माहीत होतं.

पूर्वजांची नावं कोरलेल्या फळीसमोर टोपल्या मांडल्या गेल्या, उदबत्त्या लागल्या. आता बोलणी, मग वधूकडच्यांनी भरलेल्या परतीच्या टोपल्या. परतीच्या टोपल्या वरपक्षानं उचलल्या की त्या दिवशी फळीसमोर जे बोललं गेलं ते पक्कं. त्यानंतर शब्द फिरवला तर पूर्वज दोन्ही घरांचे हसतात.

लॉ बाई भांडायच्या तयारीनं आल्या होत्या. त्यांनी ड्रॅगनच्या जरीपासून सुरुवात केली. मास्तरांनी त्यांना मध्येच थांबवलं आणि म्हणाले, चिंगवेन कुआ घालील. चहाला घालील, मेजवानीलाही घालील.

खिडकीपाशी पोरगी बसली होती. तिनं आजोबांकडे पाहिलं. हा तोच माणूस ज्यानं वसंतात तिची नक्षी तीनदा फाडून चौथ्यांदा मान डोलावली होती. उठून चौकटीपाशी गेली आणि माशांवर पातळ कागद घालायला लागली.

जिंकल्यावर माणूस खुश होतो. लॉ बाई खुश झाल्या नाहीत. तीस वर्षं मासळीबाजारात काढलेल्या बाईला एवढ्या स्वस्तात माल मिळाला की ती आधी तो उलटून पाहते. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, मग सूयिनच्या लाल डोळ्यांकडे आणि हसऱ्या तोंडाकडे. टेबलावर खेकडे नव्हते, शांघायवाल्यांच्या घरात, ऐन मोसमात. चिंगवेननं कापडाचा तागा उचलायला हात घातला तर तीन माणसं एकदम धावली. तिच्यापुढे गार चहा होता तो आईनं काढून घेतला आणि कोमट पाणी ठेवलं.

लॉ बाईंनी सावकाश मान वळवून आपल्या मुलाकडे पाहिलं. कामशिंगला वाटलं, आपण रात्री गोदामाचं कुलूप लावायला विसरलो. तो कानापर्यंत लाल झाला. लॉ बाईंना तेवढा कबुलीजबाब पुरला.

त्यांनी स्वतःच मांडलेल्या टोपलीतला सगळ्यात मोठा माशाचा पोटा उचलला, जो नुसता दाखवायला आणला होता आणि परत न्यायचा होता, आणि सूयिनच्या हातात ठेवून म्हणाल्या, सूप करा, आजच, पोरीला.

यापुढे त्या खोलीत जे सुरू झालं त्याला बोलणी म्हणता येणार नाही. नाव कोणी काढत नव्हतं, आणि दुसरा विषय कोणाला सुचत नव्हता. लॉ बाई थंडीबद्दल बोलल्या, मग ऊबदार पांघरुणांबद्दल, मग घरातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या हवेशीर खोलीबद्दल. काकांनी जुन्या पाळण्याचा विषय काढला आणि पुतण्याकडे पाहून खोकले. आत्याबाईंनी सूचौमधल्या कुठल्याशा नातेवाइकांना जुळी झाल्याचं सांगितलं. सूयिन हसता हसता उचकी लागून आत पळाली. मास्तरांनी उगीच काकांच्या कोटाची बाही ओढून बघितली आणि शिलाई वाईट असल्याचं सांगितलं. काकांना तेही शुभच वाटलं. चिंगवेनला कोणी सूप आणून दिलं, मग आणखी. तिला वाटत होतं, कुआला मुकाट कबूल झाल्याची ही सगळी भरपाई चाललीय. तिनं दुसरी वाटी कामशिंगला पाजली. ते पाहून लॉ बाईंना इतकं भरून आलं की त्या उभ्याच राहिल्या.

"मी फळीसमोर सांगते," त्या म्हणाल्या. "माझ्या दुकानात ओल असते, खारट वास असतो. पोरीनं तिथं पाऊल टाकायचं नाही. इथंच, या खिडकीत, उजेडात बसून चित्रं काढायची. सुई नको, ब्रश चालेल. लग्नानंतरही. पुढेही. किती वर्षं, ते तिनं ठरवायचं. भाऊजी, ऐकलंत ना?"

काकांनी ऐकलं होतं. मास्तरांनी मान डोलावली. चिंगवेननं माशांवरचा कागद तसाच हातात धरला आणि जिथं होती तिथंच बसली.

फंगलान हसत होती. सगळे हसत होते, म्हणून तीही हसत होती. मग तिला पडद्यामागे काहीतरी काम आठवलं.

*

काम नव्हतंच. मेजवानीत कुआच असेल तर माशांच्या चाँगसामला गुंड्या कशाला? ती स्टुलावर बसली. आपण आपल्या तोंडानं जावेच्या कानात काय ओतलं आणि ते कुठून वळून कुठे आलं, याचा विचार करून तिला स्वतःचाच राग आला, आणि त्यातही हसू आलं. कोनाड्यात वसंतात केलेली लाल कॉलर होती, खळ लावून कडक केलेली, नऊ तसूंची. सकाळी पोरीची मान दहा भरली होती. मान सुजली म्हणावी तर काळजीच. निदान ही कॉलर तरी उसवून ठेवावी, म्हणून तिनं आत्याबाईंची टेप कॉलरवर धरली.

दहा.

फंगलाननं टेप सरळ केली, टोकाशी टोक भिडवलं, पुन्हा धरली. दहा. खळ लावलेल्या कॉलरला काही दिवस जात नाहीत.

मग तिनं जुनी, पांढरी पडलेली टेप काढली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. सूचौचे दहा तसू संपले तिथं हाँगकाँगचे नऊ संपत होते. त्यांचा तसू आखूड, इथला लांब. चाँगसामच्या घरात बावीस वर्षं काढलेली सून, आणि तिनं टेपकडे न पाहता टेपचा आकडा वाचला. पोरगी खरंच महिनाभर नूडल्सना शिवली नसावी.

पडदा हलला. सूयिन परतीच्या टोपल्या न्यायला आली होती. केक अर्धे ठेवून घेऊन अर्धे परत घातलेले, नारळ, वरासाठी पॅन्ट, पट्टा, बूट. तिनं कॉलर पाहिली, तिच्यावरच्या दोन टेपा पाहिल्या. तीही याच घरची सून होती. तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिचं हसू एकदम मावळलं नाही; ते हळूहळू, जणू निरोप घेत, गेलं. मग तिनं पडद्याच्या फटीतून खिडकीकडे पाहिलं, आणि मग जावेकडे.

फंगलानसमोर आता दोन रस्ते होते आणि ते दोन्ही तिला स्वच्छ दिसत होते. आत्ता बाहेर जाऊन सांगितलं, तर मासे पोरीला परत मिळतील, ही एक गोष्ट. टोपल्या अजून उचललेल्या नाहीत, तेव्हा लॉ बाई आपला शब्द मागे घेऊ शकतील, आणि घेतीलच. मासे पोरीला, खिडकी फंगलानला. यात अन्याय कुठे होता? उलट इतकी सरळ वाटणी या घरात आजवर झालीच नव्हती. आणि टोपल्या गेल्यावर सांगितलं, तर खिडकी कायमची पोरीची. लॉ बाई गोऱ्यामोऱ्या होणार. फंगलानच्या वाट्याला उरणार ते हसणं, आणि हसणारी माणसं खोलीभर होती.

फटीतून चिंगवेन दिसत होती. लॉ बाईंचं बोलणं संपल्यावर ती पुन्हा माशांवर कागद घालू लागली होती. प्रत्येक माशाचा डोळा झाकायच्या आधी बोटानं त्याला एकदा टेकत होती, बेसूर गुणगुणत.

"वहिनी," सूयिननं हळू विचारलं, "टोपल्या आत्ता देऊ, की थांबू?"

फंगलाननं दोन्ही टेपा गुंडाळल्या. आत्याबाईंची डबीत घातली.

"आधी टोपल्या दे," ती म्हणाली.

असं का म्हणालीस म्हणून पुढे कोणी विचारलं असतं, तर तिनं ते डोळ्यांवर ढकललं असतं. इतकी वर्षं पडद्यामागे गेल्यावर उजेडात बसून मला दिसणार काय, असं काहीतरी. पण कोणी विचारणारच नव्हतं, कारण विचारू शकणारी एकच बाई होती आणि ती टोपल्या घेऊन बाहेर गेली होती.

*

काकांनी टोपल्या उचलल्या. उदबत्त्यांची राख पडली. लॉ बाईंनी पदराला नाही, रुमालाला डोळे पुसले. फंगलान बाहेर आली, खोलीच्या मध्यभागी उभी राहिली, आणि गुंड्या वळणाऱ्या बाईचा आवाज जितका मोठा होतो तितक्या मोठ्यानं म्हणाली, "सकाळी माझं माप चुकलं. टेप सूचौची होती. पोरीची कंबर आहे तेवढीच आहे."

क्षणभर सगळे आपापल्या हिशेबात. मग चिंगवेननं विचारलं, माझ्या कमरेचं काय झालं होतं?

तिनं आईकडे पाहिलं, आजोबांकडे, रिकाम्या सुपाच्या वाटीकडे, काकांच्या हातातल्या टोपलीकडे. मग कामशिंगकडे, जो आत्ता कुठे गोदामाचं कुलूप सोडून खरं काय ते समजला होता आणि आता पांढराफटक पडला होता. पोरगी हसायला लागली. हसता हसता खुर्चीवरून घसरली, टेबलाचा पाय धरून बसली, आणि तिचं पाहून सूयिनला पुन्हा उचकी लागली.

आत्याबाई मात्र रागावल्या. त्यांची टेप चुकीची कशी? देशभर हाच तसू चालतो. चूक असेल तर ती तुमच्या या बेटाची, जिथं तसूसुद्धा फुगवून विकतात. मास्तरांनी दोन्ही टेपा मागितल्या, शेजारी धरल्या, नाकाशी नेल्या, पुन्हा धरल्या. साऱ्या खोलीला त्यांचे श्वास ऐकू आले.

"बरोबर आहे तुझं, सूनबाई," ते फंगलानला म्हणाले. मग थोड्या वेळानं: "कधी लक्षात आलं?"

"आत्ताच."

सूयिननं टेबलावरचा कप उचलला आणि त्यात नसलेला चहा प्यायली.

राहिल्या लॉ बाई. त्या कोणाकडेच पाहत नव्हत्या. शब्द फळीसमोर दिलेला, काका साक्षीला, टोपल्या उचललेल्या. अशा वेळी हरलेल्या माणसाला एकच घाई असते: आपण देतोय असं दिसायची. त्या उठल्या, चौकटीपाशी गेल्या, पातळ कागद बाजूला केला. कमरेपाशी डोकी एकीकडे आणि शेपट्या एकीकडे घेऊन तीन मासे कात्रीची वाट बघत होते.

"ओले दिसतात," त्या म्हणाल्या.

"भिजू देत का जरा?" चिंगवेन जमिनीवरूनच म्हणाली.

लॉ बाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्यांना आपली सून काय चीज आहे ते कळलं असावं. चहाला कुआ, त्या म्हणाल्या. रात्री हे. आणि मीही एक शिवून घेईन, नक्षी हिनंच काढायची. मग शेन मास्तरांकडे वळून, आवाज जरा खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकाच खाली, "माझं माप मात्र हाँगकाँगच्या टेपनं घ्या. तिच्यात आकडा कमी येतो."

आता काका हसले, मग कामशिंग, मग मास्तरांच्या नाकातून काहीतरी आवाज निघाला, ज्याला घरात कोणी पूर्वी हसणं म्हटलं नव्हतं. आत्याबाईंनीही शेवटी हार मानली, पण टेप परत मागितली. जिन्याखालच्या बदकांच्या दुकानातली माणसं वर येऊन विचारून गेली, काय झालं. त्यांना अर्धा केक देण्यात आला.

लॉ मंडळी गेल्यावर मास्तरांनी लाल रेशमाला कात्री लावली. फंगलान पडद्यामागे गेली, ट्यूबलाइट लावली, आणि माशांच्या चाँगसामसाठी गुंड्या वळायला बसली. माशांच्या तोंडून निघतात तसे बुडबुडे, गळ्यापाशी अगदी बारके, खाली उतरता मोठे. बारक्यांना डोळे फार लागतात.

आता कोणी काय भरलं, ते सांगून टाकावं. लॉ बाईंनी गल्ल्यावरची सून दिली आणि रात्रीचा कुआ दिला. त्या बदल्यात त्यांना कमी आकड्याची कंबर मिळाली, म्हणजे त्या फारशा तोट्यात नव्हत्या. मास्तरांनी एक "बरोबर आहे तुझं" दिलं, जे त्यांनी उभ्या जन्मात कोणाला दिलं नव्हतं. सूयिननं एक नातवंड दिलं, जे अजून आलंच नव्हतं, आणि रात्रभर त्याच्यासाठी हसत राहिली. कामशिंगनं सूप प्यायलं. चिंगवेनला मासे मिळाले आणि खिडकी मिळाली, आणि दोन्ही फुकट मिळाली असंच तिला वाटलं, कारण खिडकीचं मोल ज्या बाईनं भरलं, ती त्याबद्दल पडद्याच्या अलीकडे कधी बोलली नाही.